डबा क्रमांक सातची तुकडेजोड

रेल्वेचा पास आणि रेल्वेतली जागा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. पास म्हणजे गाडीत शिरायचा हक्क. बूड टेकायचा हक्क वेगळा. त्याला आरक्षण लागतं, आणि फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत पासवाल्यांसाठी अशा जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात. हे सगळं नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ती वाचली नव्हती असं कोणी समजू नये. दोनदा वाचली होती, महत्त्वाच्या ओळींखाली पट्टीने रेघा मारल्या होत्या. माझ्या हातून चूक झाली ती वेगळीच, आणि ती फक्त नेटक्या माणसाच्या हातूनच होऊ शकते. गबाळ्या माणसाला ती जमलीच नसती.

मी वीब्रेन नाउटा. आपेलडोर्नला भूमापन खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बावीस तुकडेजोडीत. एखाद्या शेतकऱ्याची जमीन अकरा तुकड्यांत अकरा दिशांना पसरलेली असते. आम्ही ह्याचा तुकडा त्याला, त्याचा तिसऱ्याला, असं करत करत प्रत्येकाला त्याच्या गोठ्यालगत सलग जमीन मिळवून द्यायचो. ऐकायला सोपं वाटतं. एका गावाला चौदा वर्षं लागली, आणि तिथले दोघे भाऊ अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण नकाशा असा देखणा झाला होता की मी त्याची एक प्रत घरी जिन्यात लावली आहे. आफकेला, म्हणजे माझ्या बायकोला, तिथे आरसा हवा होता.

तर आफकेची बहीण फ्राउके फ्रान्सच्या दक्षिणेला नीमला राहते. आम्ही दर वर्षी मोटारीने जायचो. या वर्षी आफकेला मोटारीत बारा तास बसवेना, म्हणून मी दोघांसाठी कित्येक देशांत चालणारे ज्येष्ठांचे रेल्वे-पास घेतले. आफकेने एकच अट घातली.

"रेल्वेने येते मी. पण तू माझ्या शेजारी बसायचंस. सबंध रस्ताभर. नाहीतर तू एकटाच जा आणि मला पोस्टकार्ड पाठव."

ती असं का म्हणाली ते मला चांगलं ठाऊक होतं. जानेवारीत तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा पलंगाशेजारच्या खुर्चीवर मी नव्हतो. मी खाली, वाहनतळाच्या पैसे भरायच्या यंत्रापाशी, तिथल्या पहारेकऱ्याशी वाद घालत होतो. मुद्दा माझाच बरोबर होता. पण खुर्ची रिकामी होती, आणि त्याबद्दल ती आजवर एक अक्षर बोललेली नाही. बोलली असती तर मी लेखी खुलासा दिला असता. न केलेल्या तक्रारीला काय उत्तर द्यायचं, हे खात्यात कोणी शिकवलं नव्हतं.

पास फोनमध्ये येतो. माझा माझ्या फोनमध्ये, आफकेचा तिच्या. म्हणून आरक्षणंही वेगवेगळी काढावी लागतात. मी एका मंगळवारी सकाळी टेबल पुसून बसलो. ब्रसेल्सहून नीमला थेट जाणारी गाडी, डबा सात. पासवाल्यांसाठी तीन जागा शिल्लक होत्या, त्यांतल्या दोन शेजारी शेजारी: तेवीस आणि चोवीस. मी मनाशी म्हटलं, आधी एक काढून बघू, नीट निघतेय का. तेवीस आफकेच्या नावाने काढली. नीट निघाली. मग मी ती छापली, नाव, तारीख, वेळ पडताळून पाहिली, भोकं पाडून फाइलला लावली, फाइलवर विषय लिहिला आणि कॉफी प्यायलो. एका कॉफीबरोबर एक बिस्कीट, मग डब्याचं झाकण बंद, ही आमच्या घराची शिस्त आहे. पंचवीस मिनिटांनी दुसरी काढायला गेलो तर चोवीस गेलेली होती. उरली होती अठ्ठ्याहत्तर. डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीच्या उलट्या दिशेला तोंड केलेली, सामानाच्या फळीला चिकटून.

मी ती काढली. दुसरं काय करणार?

मोठ्या स्टेशनवरच्या खिडकीत बसलेल्या मुलीने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, या जागा बदलून नाही मिळत. रद्द होतील. पण रद्द केल्या तर परत मिळतीलच असं नाही. पासवाल्यांच्या आता संपल्यात." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी मी रांगेतला आकडा घ्यायच्या आधीच तिने लांबून मान हलवली.

कुंपणापलीकडचा लुबर्ट चाळीस वर्षं कॅरव्हान घेऊन फ्रान्सला जातो. सोबत बटाट्यांचं पोतं नेतो, कारण फ्रान्समधल्या बटाट्यांवर त्याचा विश्वास नाही. त्याने कुंपणावर कोपर टेकून सल्ला दिला.

"तू सरळ तिच्या शेजारी बस. ज्याची जागा असेल तो आला की बहिरा हो."

"लुबर्ट, ती त्याची आरक्षित जागा आहे."

"म्हणूनच तर बहिरा हो म्हणतोय. आरक्षित नसती तर ऐकू आलं तरी चाललं असतं."

त्याच्या बायकोने, दिवकेने, आतूनच आवाज दिला, "आणि बटाटे ने रे वीब्रेन." असे हे शेजारी. मी कुंपणाची उरलेली झुडपं छाटली आणि घरात आलो.

आफकेला सांगणं भागच होतं. मी फाइल समोर ठेवली. तिने दोन्ही कागद वाचले, तेवीसचा आणि अठ्ठ्याहत्तरचा.

"मध्ये पंचावन्न माणसं आहेत, वीब्रेन."

"चौपन्न. काळजी करू नकोस. मी गाडीत अदलाबदल करून घेईन. माझ्या आयुष्यभराचं कामच ते आहे."

"चौदा वर्षं नाहीयेत आपल्याकडे. सात तासांचा प्रवास आहे." मग म्हणाली, "नाही जमलं तर मी मधल्या स्टेशनावर उतरून परत येईन. चिडून नाही सांगत आहे. एकटीने अनोळखी माणसांत बसलं की मला आता घाबरल्यासारखं होतं. तेवढंच."

तेवढंच, असं ती म्हणाली.

ब्रसेल्सपर्यंतच्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, त्यामुळे तिथवर आम्ही शेजारी बसलो, चीज लावलेला पाव खाल्ला, आफके दोनदा हसली. ब्रसेल्सला गाडी बदलली. मी तिला तेवीसवर, खिडकीशी बसवलं. "लगेच व्यवस्था करतो," असं सांगून मी अठ्ठ्याहत्तर शोधायला गेलो. माझ्या शेजारी खिडकीत मादाम रुबो नावाच्या वृद्ध बाई होत्या आणि त्यांच्या मांडीवर टोपलीत मांजर. तिथून आफकेचे पांढरे केस तेवढे दिसत होते. ती मागे वळून बघत नव्हती.

चोवीस नंबरवर व्हर्मेर्श नावाचे बेल्जियन गृहस्थ बसले होते, आमचीच डच भाषा बोलणारे. त्यांची भाषा आमच्यासारखीच असली तरी रीत फार नम्र. आमचा माणूस 'नाही' म्हणतो तिथे ते तीन वाक्यं बोलतात.

"अगदी आनंदाने उठलो असतो साहेब. पत्नीशेजारी बसावं असं कोणाला वाटणार नाही? पण उलट्या दिशेला बसलो की मला मळमळतं. सुलट दिशेची कुठलीही जागा द्या, मी या क्षणी उठतो."

म्हणजे नकार नव्हता. अट होती. आणि अट ऐकली की माझ्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा वीब्रेन संचारतो.

लील आलं, डबा भरला. मी आरक्षणाच्या कागदाच्या पाठीमागे डब्याचा नकाशा काढला, पेन्सिलीने, प्रमाणात. एक्केचाळीसवर एक नर्स होती, लिऑनला नोकरीवर निघालेली. तिची जागा सुलट दिशेची. मी माझ्या फ्रेंचमध्ये विचारलं. माझं फ्रेंच तंबू आणि गॅसच्या टाकीपुरतं पक्कं आहे, बाकी हातवाऱ्यांवर चालतं. ती म्हणाली, "मला झोपायचंय, कुठेही झोपेन. पण तुमच्या जागेशेजारी मांजर आहे ना? मांजर असलं की मला शिंकांवर शिंका येतात." म्हणजे नर्सला मांजर नको, व्हर्मेर्शना उलटी दिशा नको. आता मला असा माणूस हवा होता ज्याला मांजर आणि उलटी दिशा दोन्ही चालतील.

तो पंचावन्न-छप्पनवर सापडला. प्रूव्हो नावाचं जोडपं होतं, लीलला चढलेलं, आणि चढल्यापासून भांडत होतं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच मस्यू प्रूव्होंनी माझा नकाशा पाहिला.

"तुम्ही जागा देताय का? मला एखादी लांबची द्या हो."

"तुम्हाला दोघांना मिळून?"

"मिळून कशाला?" त्यांची बायको म्हणाली. "तीस वर्षं मिळूनच तर बसलोय. यांना न्या."

"माझ्या जागेशेजारी एक मांजर आहे," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

मस्यू प्रूव्होंचा चेहरा उजळला. "मांजर? खरंच? ही मला घरात पाळू देत नाही."

नवराबायकोला वेगळं बसवण्याचा प्रसंग माझ्या नोकरीत कधी आला नव्हता, आणि मी तो जड मनाने पार पाडला. मस्यू प्रूव्हो अठ्ठ्याहत्तरवर गेले, नर्स छप्पनवर, व्हर्मेर्श एक्केचाळीसवर, आणि चोवीस मोकळी झाली. वीस मिनिटांत, एकही अपील न होता. मी चोवीसवर माझा कोट ठेवला. आफकेने माझ्याकडे वर पाहिलं, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसलं. माझा आनंद गगनात मावेना. त्या क्षणी मी खाली बसायला हवं होतं. गुडघे वाकवायचे, एवढंच काम उरलं होतं.

पण माझ्या खांद्यावर कोणीतरी बोट टेकवलं. एका बाईंना ऊन लागत होतं, पलीकडची बाजू मिळेल का? पाठोपाठ एका लांब पायांच्या गृहस्थांना मधल्या वाटेलगतची जागा हवी होती. एका प्राध्यापकांना शेजारचा माणूस तोंडाने आवाज करत खातो ही तक्रार होती, आणि त्या खाणाऱ्याला प्राध्यापक सारखे बघतात ही. एकाला जागा दिली आणि दुसऱ्याला नाही दिली, तर त्याला पक्षपात म्हणतात. बत्तीस वर्षांत माझ्यावर तो आरोप झालेला नाही. मी आफकेला म्हटलं, "पाचच मिनिटं," आणि डब्याच्या मधोमध उभा राहिलो.

पॅरिसच्या बाहेरून गाडी गेली तेव्हा नऊ अर्ज होते. त्यापुढे द्राक्षमळे सुरू झाले तेव्हा सतरा. मी हरकती ऐकून घेतल्या, नकाशा सर्वांना पाहता यावा म्हणून सामानाच्या फळीला लावला. लोक मला वाट द्यायला लागले, एका म्हाताऱ्याने मला सफरचंदाची फोड दिली. निवृत्तीनंतर इतका मान मला कुठेच मिळाला नव्हता. एकदा मी आफकेकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचा एक हात शेजारच्या माझ्या कोटावर होता.

लिऑन दहा मिनिटांवर आलं तेव्हा एकोणीस माणसांची तुकडेजोड पूर्ण झाली होती. मी घाम पुसत तेवीसपाशी आलो.

"झालं एकदाचं," मी म्हटलं.

"जागा केव्हाच मिळाली होती," आफके म्हणाली. "माणूस कुठे होता?"

ती आवाज न चढवता बोलली. त्यामुळेच ते जास्त लागलं. मी काहीतरी सांगणार होतो, सतरा अर्जांबद्दल बहुतेक. पण तेवढ्यात गाडी थांबली, आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक दारातून आत शिरली.

झालं असं की मी प्रत्येकाला कुठे बसायचंय ते विचारलं होतं. कुठे उतरायचंय ते विचारलं नव्हतं; नर्सने आपणहून लिऑन म्हटलं होतं, तेही मी नोंदवलं नव्हतं. जमिनीच्या कामात तो प्रश्नच येत नाही. शेत एकदा ज्याचं झालं त्याचं झालं, ते लिऑनला उतरत नाही. इथे नर्स उतरली, आणखी सहाजण उतरले, आणि त्यांच्या मूळच्या जागांची आरक्षणं घेऊन सातजण चढले. त्या सात जागांवर माझ्या योजनेतली माणसं बसलेली. एक्केचाळीसचा नवा मालक व्हर्मेर्शांसमोर कागद धरून उभा राहिला. व्हर्मेर्श उठले आणि माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"फार वाईट वाटतं साहेब, तुम्ही एवढी खटपट केलीत, आणि योजना खरोखरच सुंदर होती. पण मग मला माझी जागा परत द्यायला हवी, नाही का?"

मी कोट उचलून अंगात घातला. उन्हाच्या बाई उन्हात जायला तयार नव्हत्या. प्राध्यापक पुन्हा खाणाऱ्याच्या शेजारी बसायला तयार नव्हते. बॅगा डोक्यांवरून जात होत्या. आणि या सगळ्यातून गाडीच्या तपासनीस बाई आत आल्या, बुटक्या, चष्मा कपाळावर.

"हे कोणी केलं?"

अख्ख्या डब्याने माझ्याकडे बोट दाखवलं. सफरचंद देणाऱ्या म्हाताऱ्यानेसुद्धा.

मी नकाशा पुढे केला. त्यांनी तो बघितला, उलटा केला, मागचं आरक्षण वाचलं. "तुमची जागा अठ्ठ्याहत्तर. तिथे जाऊन बसा."

अठ्ठ्याहत्तरवर मस्यू प्रूव्हो होते. मांजर टोपलीतून निघून त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. "मी उठणार नाही," ते हळूच म्हणाले, मांजर जागं होऊ नये म्हणून. मादाम रुबोंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "यांना कोणी उठवायचं नाही," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही यांच्या छप्पनवर बसा," तपासनीस बाई मला म्हणाल्या.

"चालेल," पंचावन्नवरून मादाम प्रूव्हो म्हणाल्या. "निदान नवा माणूस तरी."

माझ्या अब्रूचं जे काही उरलं होतं ते गोळा करून मी छप्पनकडे वळलो, आणि समोर पाहिलं तर तेवीस रिकामी होती. आफकेची बॅग नव्हती, काठी नव्हती. तिचे पांढरे केस गर्दीतून दाराकडे जाताना दिसले. गाडी अजून उभीच होती.

नाही जमलं तर उतरेन, असं ती म्हणाली होती, आणि आफके म्हणते ते करते. मी धावलो. सदुसष्टाव्या वर्षी, भर गाडीत, बॅगांवरून. व्हर्मेर्शांचा पाय तुडवला, ते मलाच 'माफ करा' म्हणाले. नकाशा कुठेतरी पडला. मी डब्याचं दार गाठलं तेव्हा बाहेरची दारं बंद झाली होती, फलाट मागे सरकायला लागला होता, आणि मी काचेला नाक लावून त्या फलाटावर पांढरे केस शोधत होतो. ती एकटी, परक्या गावात, काठी घेऊन. चूक माझी होती. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाही माझा बरोबर नव्हता.

"काय शोधतोयस?"

आफके माझ्या मागे होती. दारापाशी, सामान आणि सायकली ठेवतात तिथे, भिंतीला लागून दोन पडत्या फळ्या असतात, ओढल्या की खाली येतात, सोडल्या की परत भिंतीला चिकटतात. त्यांना क्रमांक नसतो. कोणी त्या आरक्षित करत नाही, कारण त्या जेमतेम बसण्यापुरत्याच असतात. तिने एक ओढून त्यावर बैठक मारली होती, आणि शेजारची फळी वर जाऊ नये म्हणून तिच्यावर काठी धरून ठेवली होती.

"मला वाटलं, तू उतरलीस."

"उतरणार होते. मग या दिसल्या." तिने काठी उचलली. "बस आता. आणि पुन्हा उठलास तर बघ."

मी बसलो. फळी अरुंद होती, वारा येत होता, दर वळणावर कोणाची तरी सायकल माझ्या गुडघ्याला लागत होती. मी आफकेला सांगितलं, मी घाबरलो होतो. जानेवारीतही घाबरलो होतो, म्हणूनच खाली जाऊन यंत्राशी भांडत बसलो होतो. वर बसून तू डोळे उघडायची वाट बघणं मला झेपलं नसतं. हे मी इतक्या महिन्यांत कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"माहीत आहे मला," आफके म्हणाली. "अडतीस वर्षं ओळखते मी तुला. तू घाबरलास की कोणाशी तरी नियमावरून भांडतोस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू फाइल उघडली असतीस."

मग ती हसली. हसता हसता तिचं डोकं माझ्या उजव्या खांद्यावर टेकलं, आणि व्हालॉन्सच्या अलीकडे कुठेतरी ती झोपली. बाहेर टेकड्यांचा रंग बदलत होता. काचेतून डबा सात दिसत होता. सगळे स्थिरस्थावर झाले होते, आणि जवळजवळ सगळे माझ्या योजनेप्रमाणेच, कारण नव्या सातजणांनाही तीच सोयीची वाटली असावी. ऊन नको असलेल्या बाई सावलीत होत्या, खाणारा मोकळेपणाने खात होता. छप्पन रिकामी होती आणि मादाम प्रूव्होंनी तिच्यावर पाय पसरले होते.

तेवढ्यात तपासनीस बाई आल्या. समोर उभ्या राहून त्यांनी हात पुढे केला.

"पास."

पास फोनमध्ये होता. फोन कोटाच्या उजव्या खिशात होता, आणि त्या बाजूला आफके होती, खोल झोपेत, तोंड किंचित उघडं. हात आत घालायचा तर खांदा हलवावा लागला असता. बत्तीस वर्षं मी लोकांकडे कागद मागितले, आणि माझ्याकडे कोणी मागितला तर तो वाक्य पूर्ण होण्याआधी काढून दाखवला. तपासणीला नकार देणाऱ्या माणसाबद्दल माझं मत काय आहे ते खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

"नाही दाखवता येणार," मी म्हणालो.

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. आधी माझ्याकडे बघितलं, मग आफकेकडे, मग आम्ही बसलो होतो त्या दोन फळ्यांकडे. त्या काही बोलणार होत्या, पण आफकेने झोपेतच माझी बाही धरली, आणि बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"नीमला बघू," त्या कुजबुजल्या, आणि पुढच्या डब्याचं दार त्यांनी आवाज न करता लावून घेतलं.